स्लोवर ऑइलचा दिवा लुकलुकतो: रिलीफ व्हॉल्व्ह शोधायचा आणि तपासायचा कसा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. गाडी जुनी, पेट्रोल इंजिन. सकाळी थंड इंजिनावर ऑइल प्रेशर छान असतं, पण अर्धा-पाऊण तास चालवून कुठे थांबलात की स्लोवर (म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं मंद चालू असताना) ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो आणि जरा रेस दिली की विझतो. कुणीतरी सांगितलं की प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बसली, म्हणजे जोर कमी होऊन थकली असणार, तिच्यामागे एक वॉशर घाला, काम होईल. म्हणून हा व्हॉल्व्ह असतो कुठे आणि तो खराब आहे की नाही हे कळणार कसं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही सांगतो. पण ज्या लक्षणावरून तुम्ही या व्हॉल्व्हवर संशय घेतलाय, ते लक्षण बहुतेक वेळा त्याचं नसतं. तेव्हा पाना हातात घेण्याआधी हा व्हॉल्व्ह नेमकं काय करतो ते बघू.

ऑइल पंप दर फेऱ्याला ठरावीक ऑइल पुढे ढकलतो. ते ऑइल क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मेन आणि बिग एंड बेअरिंगांच्या बारीक फटींतून, कॅमच्या बेअरिंगांतून वाट काढत बाहेर पडतं. या वाटेत जो अडथळा होतो त्यातून प्रेशर उभं राहतं. थंड ऑइल जाड असतं, त्यात रेस दिली तर पंप जास्त ऑइल ढकलतो पण बाहेर पडायला वाट तेवढीच. अशा वेळी प्रेशर मोकाट वाढलं तर फिल्टरचं रबर बाहेर येईल, फिल्टरचा डबा शिवणीत फुगेल, पंप फिरवणाऱ्या गिअरवर नको तेवढा भार येईल. म्हणून पंपाच्या पुढच्या वाटेवर स्प्रिंगने दाबून धरलेला प्लंजर (छोटा दट्ट्या) किंवा गोळी बसवलेली असते. ठरलेल्या प्रेशरला ती उचलली जाते आणि जास्तीचं ऑइल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) किंवा पंपाच्या तोंडाशी परत जातं.

म्हणजे हा व्हॉल्व्ह प्रेशरची वरची मर्यादा सांभाळतो. खालची मर्यादा त्याच्या हातात नाही. तुमचा व्हॉल्व्ह समजा ६० पीएसआयला (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंड, प्रेशरचं माप) उघडणारा आहे आणि गरम इंजिनाचं स्लोवरचं प्रेशर ८ पीएसआय आहे, तर त्या वेळी तो बंदच असतो. कुकरची रिंग गळत असेल तर शिट्टीवर कितीही वजन ठेवा, प्रेशर धरत नाही, तसंच हे. वॉशर घालून तुम्ही शिट्टी जड करताय.

त्या वॉशरचा हिशोबच करून दाखवतो. मॉरिस आणि एमजी या ब्रिटिश गाड्यांमध्ये असलेलं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं बी-सिरीज इंजिन, जे जुन्या पेट्रोल अँबॅसॅडरमध्येही होतं, त्याच्या रिलीफ स्प्रिंगची मोकळी लांबी साधारण ७६ मिमी. एमजीबी या एमजीच्या गाडीच्या पुस्तकातले पुढचे आकडे असे: बसवल्यावर लांबी साधारण ५५ मिमी, त्या लांबीला तिचा जोर ७ ते साडेसात किलो, आणि व्हॉल्व्ह उघडतो साधारण ७० पीएसआयला. म्हणजे २१ मिमी दाबल्यावर सव्वासात किलो, दर मिलिमीटरला सुमारे एक तृतीयांश किलो. एक मिलिमीटरचा वॉशर घातलात तर वरची मर्यादा तीन-साडेतीन पीएसआयने वाढेल. स्लोवर काडीचाही फरक पडणार नाही. आणि वॉशरवर वॉशर चढवत गेलात तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात, प्लंजरला मागे सरकायला जागा उरत नाही, आणि थंडीतल्या पहिल्या स्टार्टला फिल्टर फुटतो. काही जुन्या इंजिनांत, उदाहरणार्थ विलीज जीपच्या एल-हेड इंजिनात, स्प्रिंगमागे शिम (पातळ चकत्या) घालून प्रेशर जुळवायची सोय कंपनीनेच दिलेली आहे. तिथेसुद्धा शिम वरच्या मर्यादेसाठीच असतात.

एक अपवाद मात्र आहे आणि त्यासाठीच व्हॉल्व्ह तपासावा. बंद असायला हवा तेव्हा तो खरंच बंद होतोय का? सीटवर, म्हणजे प्लंजर ज्या कडेवर टेकून वाट बंद करतो तिथे, धातूचा कण किंवा गॅस्केट सिमेंटचा तुकडा अडकला, प्लंजर बोअरमध्ये (तो सरकतो त्या भोकात) अर्ध्यावर चिकटला किंवा सीटला खड्डे पडले, तर ऑइल तिथून सतत गळत राहतं. असं झालं की स्लोवरचं प्रेशरही पडतं. पण हा बसण्याचा दोष आहे, स्प्रिंगच्या जोराचा नाही, आणि वॉशरने तो सुटत नाही.

आता आधी मोजमाप. तुमचा दिवा म्हणजे फक्त एक स्विच आहे. बहुतेक गाड्यांत तो ४ ते ७ पीएसआयच्या दरम्यान पेटतो, आणि जुना झाला की भलत्याच आकड्याला पेटतो. त्या लुकलुकण्यावरून इंजिन उघडण्यात अर्थ नाही. डॅशबोर्डवरच्या इलेक्ट्रिक काट्यावरही माझा फार विश्वास नाही. त्याचं सेंडर (इंजिनावरचा प्रेशर मोजणारा भाग) म्हातारं झालं की तो काहीही दाखवतो. स्विच काढून त्या जागी नळीवाला मेकॅनिकल गेज लावा. आटे आधी नीट जुळवा. १/८ इंच एनपीटीला (अमेरिकन पद्धतीचे आटे) इंचात २७ आटे असतात आणि १/८ बीएसपीला (ब्रिटिश पद्धतीचे) २८, त्यामुळे चुकीचं फिटिंग पहिले दोन-तीन फेरे अगदी गोडीत जातं आणि मग ब्लॉकचे आटे खातं. काही जर्मन गाड्यांत १० मिमीचे मेट्रिक आटे असतात.

गेज लावल्यावर चार आकडे लिहून घ्या: थंड इंजिन स्लोवर, थंड इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर (क्षणभरच, थंड इंजिनाला उगाच ताणू नका), आणि चांगलं अर्धा तास चालवून आणल्यावर हेच दोन आकडे पुन्हा. नुसत्या आकड्यांपेक्षा काटा कसा वागतो तेही बघा. हळूहळू रेस वाढवताना काटा चढतो आणि एका जागी येऊन थबकतो, पुढे रेस वाढवली तरी फारसा हलत नाही. तो थबकण्याचा आकडा म्हणजे तुमचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडल्याची खूण. मॅन्युअलमधल्या आकड्याशी तो जुळतो का बघा.

आता या आकड्यांचा अर्थ.

थंड असताना काटा बरोबर जागी थबकतो, गरम असताना अडीच हजारावर बऱ्यापैकी प्रेशर आहे, फक्त स्लोवर पडतं. तुम्ही सांगितलेलं लक्षण याच्याशी जुळतं. असं असेल तर व्हॉल्व्ह उघडायच्या बाबतीत तरी ठीक आहे. दोष पातळ झालेल्या ऑइलचा, फार कमी ठेवलेल्या स्लोचा, झिजलेल्या पंपाचा किंवा झिजलेल्या बेअरिंगांचा. बेअरिंगच्या फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ०.०४ मिमीची फट ०.०८ झाली की त्याच ऑइलला, त्याच प्रेशरला गळती जवळजवळ आठपट. म्हणून जुनं इंजिन रेसवर ठीक आणि स्लोवर दमलेलं दिसतं.

थंड, गरम, स्लो, रेस, सगळीकडेच प्रेशर कमी. थंड इंजिनावरही काटा २५-३० च्या वर जातच नाही. इथे व्हॉल्व्हवर संशय घ्यायला जागा आहे: स्प्रिंग तुटली असेल किंवा प्लंजर उघडाच अडकला असेल. अर्थात चेंबरमधली जाळी गाळाने भरली असेल किंवा पंप अगदीच गेला असेल तरी असंच दिसतं.

थंड इंजिनावर काटा ९०-१०० च्या पुढे चढतच राहतो, थबकत नाही. प्लंजर बंद स्थितीत अडकलाय, किंवा कुणीतरी आधीच वॉशरांची चळत घातलीय. इंजिन बंद करा आणि व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय पुन्हा रेस देऊ नका.

आणि जे मी व्हॉल्व्हचं सगळ्यात खात्रीचं लक्षण मानतो ते म्हणजे लहरीपणा. काल प्रेशर ठीक होतं, आज एकदम अर्ध्यावर, एकदा जोरात रेस दिली की पुन्हा जागेवर. झीज अशी येत-जात नाही. अडकणारा प्लंजर किंवा सीटवरचा कचराच असं वागतो. काटा बारीक थरथरत असेल तर मात्र जाळीच्या पाइपच्या जोडातून पंप हवा ओढतोय का ते बघावं लागेल.

व्हॉल्व्ह उघडण्याआधी पाच मिनिटांचं एक काम: डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा आणि वास घ्या. मेकॅनिकल फ्युएल पंप असलेल्या गाडीत डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. पातळी आपोआप वाढलेली आणि पेट्रोलचा वास, असं दिसलं तर पंप दुरुस्त करून ऑइल बदलल्याशिवाय पुढच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही. तोपर्यंत गाडी चालवूही नका. ऑइलचा ग्रेडही बघा. जुन्या मोकळ्या इंजिनासाठी २०डब्ल्यू-५० सांगितलेलं असताना कुणी नव्या गाडीचं पातळ ऑइल भरलं असेल, तर १०० अंशांना त्याची जाडी निम्म्यावरही येऊ शकते.

आता व्हॉल्व्ह असतो कुठे. तुम्ही इंजिन सांगितलेलं नाही, त्यामुळे नेमकी जागा मी सांगू शकत नाही, पण शोधायची रीत एकच. मॅन्युअलमधल्या ऑइलच्या वाटेच्या चित्रात पंपापासून फिल्टरपर्यंतच्या मार्गावर बोट फिरवा. व्हॉल्व्ह जवळजवळ नेहमी याच पट्ट्यात सापडतो. मॅन्युअल नसेल तर ब्लॉकवर पंपाजवळ किंवा फिल्टरजवळ असा मोठा नट शोधा ज्याला ना वायर आहे ना पाइप, आणि ज्याच्याखाली तांब्याचा किंवा फायबरचा वॉशर आहे.

ढोबळमानाने तीन प्रकार भेटतात. पहिला, बाहेरून उघडणारा. बीएमसीच्या बी-सिरीजमध्ये ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे घुमटासारख्या डोक्याचा नट असतो, त्याच्या आत स्प्रिंग आणि प्लंजर. हवेवर थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तो इंजिनाच्या पोटाखाली, पुलीच्या बाजूला, मोठ्या खाचेच्या स्क्रूमागे असतो. १९७० च्या आसपासपासून त्या इंजिनात फ्लायव्हीलच्या बाजूला दुसराही व्हॉल्व्ह आला. दोघांच्या स्प्रिंगा वेगळ्या, त्यांची अदलाबदल करायची नाही. दुसरा प्रकार चेंबरमध्ये बुडलेल्या पंपाचा. शेव्हरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये व्हॉल्व्ह पंपाच्या झाकणातच असतो आणि एका पिनने अडवलेला असतो. तिथे चेंबर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. तिसरा, १९८० नंतरच्या बऱ्याच लहान इंजिनांत दिसणारा: पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर आणि व्हॉल्व्ह त्याच्या अॅल्युमिनियमच्या घरात. काहींत प्लग बाहेरून हाताला येतो, काहींत पुली, टायमिंग बेल्ट, सगळं उतरवावं लागतं. तुमचं इंजिन या तिसऱ्या प्रकारातलं असेल आणि गेजचे आकडे व्हॉल्व्हकडे बोट दाखवत नसतील, तर तो उघडण्याच्या भानगडीत पडू नका.

फिल्टरच्या तळाशी किंवा फिल्टर बसतो तिथे ब्लॉकमध्ये जो व्हॉल्व्ह दिसतो, तो बायपास. फिल्टर तुंबला तर ऑइलला वळसा द्यायचं त्याचं काम. प्रेशरची मर्यादा तो ठरवत नाही. याला रिलीफ समजून बदलणारे पुष्कळ भेटतात.

उघडताना इंजिन कोमट असू द्या, गरम नको. गाडी उचलायची असेल तर स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. नटाभोवतीची माती आधी ब्रशने आणि रॉकेलने साफ करा, कारण जे आत पडेल ते सरळ बेअरिंगांकडे जाऊ शकतं. सॉकेट पूर्ण बसेल असाच वापरा. शेवटच्या आट्यांना नट हाताने दाबून धरा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. स्प्रिंग फार जोराची नसली तरी उडते. वॉशर किती होते, कुठल्या क्रमाने होते आणि किती जाड होते, ते लिहून ठेवा.

स्प्रिंग सहज निघते. प्लंजर बहुधा निघत नाही. त्याची आतली बाजू पोकळ असते, म्हणून किंचित निमुळती लाकडी काठी आत घट्ट बसवून, थोडी फिरवत ओढली की तो येतो. चुंबकानेही येतो. पक्कड किंवा स्क्रू ड्रायव्हरने बोअरच्या भिंतीला टेकू देऊन उचकटू नका. तिथे एक चरा पडला तर पुढे तो चराच प्लंजर अडकवेल. प्लंजर ओढताना अडखळला असेल तर ते ध्यानात ठेवा, निम्मं निदान तिथेच झालं.

आता बघायचं काय. प्लंजर रॉकेलने धुऊन उजेडात धरा. सीटवर बसणाऱ्या कडेला सगळीकडून सारख्या रुंदीचं चकचकीत कडं दिसायला हवं. एका बाजूला रुंद, दुसरीकडे तुटक असेल तर तो वाकडा बसतोय. खड्डा किंवा खाच असेल तर त्या जागी कण अडकून बसलेला होता. अंगावरचे उभे बारीक चरे चालतात. नखाला लागणारा चरा चालत नाही. शंका असेल तर कडेला मार्किंग ब्लूचा (ठसा उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ थर लावा, प्लंजर हलक्या हाताने सीटवर दाबून काढा आणि ठसा बघा. पूर्ण गोल उमटला तर बसतोय.

मग प्लंजरला स्वच्छ ऑइल लावून बोअरमध्ये सोडा. बोअर उभी असेल तर तो स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे. आडवी असेल तर बोटाच्या नुसत्या स्पर्शाने. अडखळत असेल तर प्लंजरवर १२०० किंवा १५०० नंबरचा पेपर ऑइल लावून हलका फिरवा, उंचवटे गेले की थांबा. बोअरमध्ये पेपर घालायचा नाही. लोखंडी ब्लॉकमधली सीट किंचित खराब असेल तर बारीक ग्राइंडिंग पेस्टने प्लंजर सीटवर घासून बसवता येतो, मात्र नंतर पेस्टचा कण न् कण धुऊन निघाला पाहिजे, आणि याची खात्री नसेल तर नवा प्लंजर घेऊन सोडून द्या. अॅल्युमिनियमच्या घरात पेस्ट अजिबात नको.

स्प्रिंग काचेवर लोळवून बघा, वाकलेली असेल तर डगमगते. वेढ्यांच्या बाहेरच्या अंगाला एकाच बाजूने चमक असेल तर ती बोअरला घासत होती. मोकळी लांबी मोजून मॅन्युअलशी ताडा. पण नुसत्या लांबीने समाधान मानू नका, जोर मोजा: पिलर ड्रिलच्या टेबलावर डिजिटल वजनकाटा ठेवून स्प्रिंग बसवलेल्या लांबीइतकी दाबा आणि काटा वाचा. मॅन्युअल नसेल तर अंदाज असा: ऑइल ज्या गोलावर दाबतं त्याचा व्यास मोजा. व्यास १२ मिमी असेल तर क्षेत्रफळ साधारण १.१३ चौ. सेंमी, ४ किलो प्रति चौ. सेंमीला, म्हणजे सुमारे ५७ पीएसआयला उघडायचं तर बसवलेल्या लांबीला साडेचार किलोच्या आसपास जोर हवा. तुमच्या स्प्रिंगने तीन किलो दाखवले तर ती थकली आहे. ताणून लांब केलेली स्प्रिंग थोड्याच दिवसांत पुन्हा बसते, त्यामुळे तो उद्योग नको. या इंजिनाची म्हणून मिळणारी नवी स्प्रिंगच घाला, आणि वॉशर जुन्याच जाडीचा नवा.

कण सापडला असेल तर तो कशाचा आहे ते ओळखा. रबर किंवा सिमेंट असेल तर मागच्या दुरुस्तीची उरलेली खूण. चुंबकाला चिकटणारा किस असेल तर पंप, कॅम किंवा टायमिंग चेनकडे बघा. करडा मऊ धातू किंवा तांबूस पत्री असेल तर बेअरिंगचं आवरण सुटायला लागलंय. मग चेंबर उतरवावाच लागेल आणि व्हॉल्व्हचा विषय बाजूला पडतो.

परत बसवताना प्लंजर, स्प्रिंग, वॉशर, नट, सगळं ऑइलात भिजवून. नट मॅन्युअलच्या टॉर्कइतकाच आवळा. बीटलसारख्या मॅग्नेशियमच्या इंजिनात जास्तीच्या जोराने आटे सहज जातात. व्हॉल्व्ह उघडल्यावर पंपातलं ऑइल उतरलेलं असू शकतं, म्हणून इंजिन पेटू नये यासाठी कॉइलची वायर काढून गेजचा काटा हलेपर्यंत थोडं-थोडं थांबत स्टार्टरने इंजिन फिरवा, मग वायर लावून स्टार्ट करा. नंतर तेच चार आकडे पुन्हा घ्या.

स्लोवरचा आकडा स्पष्ट वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता आणि काम झालं. आकडे होते तसेच राहिले तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे. आता चेंबर उतरवून जाळी, पंपाच्या गिअरची फट आणि एक-दोन बिग एंड बेअरिंगं बघायची वेळ आली. बिग एंडचे शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) अनेक इंजिनांत खालूनच बदलता येतात, पूर्ण इंजिन उतरवावं लागतंच असं नाही. पण क्रँकची जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मोजल्याशिवाय नवे शेल घालू नका. आणि गरम इंजिनाचं प्रेशर स्लोवर मॅन्युअलने सांगितलेल्या किमान आकड्याइतकं असूनही दिवा लुकलुकत असेल, तर फक्त स्विच बदला.

इंजिन कुठलं, ऑइल कुठल्या ग्रेडचं आणि गेजचे ते चार आकडे कळवलेत तर यापुढे कुठे बघायचं ते नेमकं सांगता येईल.